टाळेबंदीतील गुन्हा अजून प्रलंबित आहे का, हे कसे तपासावे

पोलीस भरतीच्या साक्षांकन नमुन्यात (उमेदवाराने स्वतःची माहिती भरून द्यायच्या अर्जात) ‘आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला होता काय?’ हा रकाना आला की आपल्या भागातील कितीतरी मुलांना २०२० चा, करोना टाळेबंदीचा उन्हाळा आठवतो. कोणी ओलितासाठी शेतावर निघाला होता, कोणी आजारी आईचे औषध आणायला तालुक्याला गेला होता. चौकात अडवून नाव-पत्ता लिहून घेतला, सही घेतली आणि सोडून दिले. पुढे समन्स आले नाही, म्हणून घरच्यांनी प्रकरण मिटले असे धरले. समन्स न येणे म्हणजे मात्र खटला संपणे नव्हे. मार्च २०२० नंतर न्यायालयांत बराच काळ रिमांड आणि जामीन यांसारखी तातडीचीच कामे चालली, किरकोळ खटले मागे राहिले, आणि त्यांतले काही आजही कोणी न पाहिलेल्या तारखांवर पडून असू शकतात.

पहिले काम म्हणजे आपल्या हाती नेमके काय आले होते ते ओळखणे. मास्क नसल्याबद्दल नगरपरिषदेने किंवा ग्रामपंचायतीने दंडाची पावती दिली असेल, तर निव्वळ त्या पावतीने एफआयआर होत नाही. सही घेऊन सोडले असेल किंवा गाडी जप्त झाली असेल, तर ज्या ठाण्याच्या हद्दीत अडवले त्या ठाण्यात जाऊन अपराध क्रमांक (एफआयआरचा क्रमांक) विचारावा. गावचे ठाणे आणि अडवलेल्या जागेचे ठाणे वेगळे असू शकते, आणि चुकीच्या ठाण्यात ‘असा गुन्हाच नाही’ हे उत्तर ऐकून लोक निश्चिंत होऊन परततात.

त्यानंतर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर जिल्हा आणि न्यायालय निवडून, पोलीस ठाणे, अपराध क्रमांक व वर्ष टाकून शोध घ्यावा. ‘प्रलंबित’ आणि ‘निकाली’ हे दोन्ही पर्याय तपासावेत, आणि नावाने शोधताना आडनाव दोन-तीन प्रकारे लिहून पाहावे. वर्षाबाबत विशेष काळजी घ्यावी. अमरावती व अचलपूर येथे फेब्रुवारी २०२१ मध्येच पुन्हा टाळेबंदी लागली होती आणि एप्रिल २०२१ पासून राज्यभर निर्बंध आले, त्यामुळे केवळ २०२० पाहून थांबू नये. खटला सापडल्यास सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) उतरवून घ्यावा, कारण पुढची सर्व चौकशी त्यानेच सोपी होते. काहीच सापडले नाही, तर तालुका न्यायालयाच्या कार्यालयात अपराध क्रमांक देऊन विचारावे. पोलिसांनी दाखल केलेले असे खटले तेथे बहुधा एस.सी.सी. (संक्षिप्त फौजदारी खटला) किंवा आर.सी.सी. (नियमित फौजदारी खटला) या क्रमांकाखाली असतात.

आता नकलेचा अर्ज करून दोषारोपपत्राची प्रत मिळवावी आणि कलमे वाचावीत. या सगळ्या खटाटोपातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली लोकसेवकाच्या आदेशाच्या साध्या अवज्ञेसाठी एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, आणि मानवी जीवितास धोका निर्माण झाल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद होती. शिवाय फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५ नुसार, ज्याचा आदेश मोडला त्या लोकसेवकाची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार असल्याशिवाय न्यायालयाला १८८ ची दखल घेता येत नाही. ती तक्रार कागदपत्रांत आहे का, हे वकिलाला आवर्जून पाहायला सांगावे. सोबत दंड संहितेचे कलम २६९, २७० (जीवघेणा रोग पसरण्याचा धोका निर्माण करणे) किंवा आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम ५१ (त्या कायद्याखालील आदेश न पाळणे किंवा कामात अडथळा आणणे) लावलेले असेल, तर बचाव वेगळा होतो.

‘गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा’ असा सल्ला न्यायालयाच्या आवारात सहज मिळतो. दोनशे रुपयांत सुटका होते असे वाटून मजुरी बुडवून आलेला माणूस तो ऐकतो, आणि त्याला दोष देववत नाही. पण कबुली देऊन भरलेला दंड म्हणजे दोषसिद्धी, आणि ती नोकरीच्या अर्जात कायम लिहावी लागते. वकिलाशी बोलल्याशिवाय कबुली देऊ नये, एवढे कळकळीने सांगतो.

त्याऐवजी आधी सहायक सरकारी अभियोक्त्यांना, म्हणजे सरकारतर्फे खटला चालवणाऱ्या वकिलांना, भेटावे. टाळेबंदीतील १८८ चे गुन्हे मागे घेण्याचे राज्य शासनाने २०२२ मध्ये जाहीर केले होते, पण घोषणेने खटला आपोआप बंद होत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ खाली अभियोक्त्याने अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाने संमती द्यावी लागते. आपले प्रकरण त्या निर्णयात बसते का आणि अर्ज झाला आहे का, हे लेखी विचारावे. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले असले, तरी त्याआधीपासून प्रलंबित असलेले खटले जुन्या संहितेप्रमाणेच चालतात, हे लक्षात ठेवावे.

वॉरंट निघालेले दिसल्यास घाबरून गाव सोडू नये. वकिलासह स्वतः हजर होऊन ते रद्द करण्याचा अर्ज द्यावा. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा विधी सेवेच्या १५१०० या मदत क्रमांकावर फोन करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीतील व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

साक्षांकन नमुन्यात मात्र गुन्हा लपवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये, नोकरीच्या अर्जात गुन्ह्याची माहिती लपवण्याबाबतच्या अवतार सिंग प्रकरणात, किरकोळ गुन्ह्याबाबतची चूक माफ करण्याचा विवेकाधिकार नियुक्ती प्राधिकाऱ्याला असल्याचे मान्य केले, पण माहिती खरी देण्याची जबाबदारी उमेदवारावरच ठेवली. खरे लिहून त्यासोबत न्यायालयाचा आदेश जोडणे केव्हाही सुरक्षित ठरते.

खटला मागे घेतल्याचा किंवा निर्दोष मुक्ततेचा आदेश झाला की त्याच्या किमान तीन प्रमाणित नकला काढाव्यात. एक घरी ठेवावी, एक नोकरीच्या कागदांसाठी राखावी आणि एक अर्जासह पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी, म्हणजे चारित्र्य पडताळणीच्या वेळी तेथील नोंदीत जुना गुन्हा ‘प्रलंबित’ म्हणून पुढे जाणार नाही.