लाइट गेली आणि राउटर अडकला: ८४१एन पुन्हा चालू केला

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे लाइटचा भरवसा नाही, त्यामुळे फर्मवेअर (राउटरचं आतलं सॉफ्टवेअर) टाकताना राउटर यूपीएसवरच ठेवावा. टीपी-लिंक ८४१एन राउटरचं फ्लॅशिंग, म्हणजे फर्मवेअर लिहिणं, अर्ध्यावर तुटलं, तरी बूटलोडर (राउटर सुरू करणारा छोटा प्रोग्राम) बहुधा शाबूत असतो. नव्या आवृत्त्यांत रिसेट दाबून धरत राउटर चालू केला की तो १९२.१६८.०.६६ हा पत्ता दिलेल्या संगणकाकडे टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवायची साधी पद्धत) फाइल मागतो; उघडायचं काम नाही.

जुना असेल तर उघडावा लागतो: स्क्रू काढा, क्लिपा जुन्या एटीएम कार्डाने सोडवा. बोर्डाचा सिरियल पोर्ट संगणकाला जोडणारा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर ३.३ व्होल्टचाच घ्या, ५ व्होल्टने चिप जाते. ग्राउंडला ग्राउंड, एकाच्या टीएक्सला (पाठवणारी पिन) दुसऱ्याचा आरएक्स (घेणारी पिन). व्हीसीसी (वीजपुरवठ्याची पिन) अजिबात जोडू नका. संगणकावरच्या टर्मिनल प्रोग्राममध्ये वेग ११५२०० ठेवा. कचरा अक्षरं आली तर वेग किंवा ग्राउंड तपासा. अक्षरं नीट दिसतात पण टाइप होत नाही? बोर्डाच्या आरएक्सचा टाका सैल असू शकतो.

‘ऑटोबूटिंग’ दिसताच सेकंदाभरात ‘टीपीएल’ टाइप करा, इंग्रजी लहान अक्षरांत; म्हणजे बूटलोडर थांबून कमांड घेतो आणि तिथून नवी फाइल फ्लॅशमध्ये (राउटरची साठवण चिप) लिहिता येते. ४ एमबी फ्लॅशमधले पहिले १२८ केबी बूटलोडरचे, ते मिटवले की मग प्रोग्रामरच (चिपवर थेट लिहिणारं यंत्र) लागतो. फाइल ३९३२१६० बाइटचीच हवी; नावात ‘बूट’ असलेल्या कंपनीच्या फाइलचे पहिले १३१५८४ बाइट आधी कापा.