कत्तलपूर्व तपासणी आणि विश्रांतीची शेड : या चुका टाळा

शेळीच्या धडावर बरगडीपाशी काळानिळा डाग दिसला, मांस गडद आणि हाताला चिकट लागले किंवा पोट सोडताना कोटीपोट (चारा साठवणारा पोटाचा मोठा कप्पा) फुटून घाण मांसावर आली, की बोल लावला जातो तो कत्तल विभागातल्या कामगारांना. या तिन्ही दोषांचे मूळ पुष्कळदा आदल्या दिवशीच्या शेडमध्ये असते, जिथे जनावरे उतरवून घेतली जातात, थांबवली जातात आणि तपासली जातात. या जागेला माल ठेवण्याचे गोदाम समजणे ही मूळ चूक आहे आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात. महाराष्ट्रात गायींच्या कत्तलीला आधीपासून आणि बैल व वळू यांच्या कत्तलीला २०१५ पासून बंदी असल्याने हे विवेचन मुख्यतः शेळ्या-मेंढ्यांना धरून केले आहे.

नोंदवहीतले २४ तास

प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखालील २००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार पशुवैद्यकाच्या तपासणीनंतर जनावराला २४ तास विश्रांती मिळाली पाहिजे, आणि कप्प्यात लहान जनावरामागे किमान १.६ चौरस मीटर, तर मोठ्या जनावरामागे २.८ चौरस मीटर जागा असली पाहिजे. म्हणजे ८ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद कप्प्यात २५ शेळ्या मावतात. बकरी ईदच्या आठवड्यात त्याच कप्प्यात ४० कोंबण्याचा मोह होतो, आणि नोंदवहीत मात्र २४ तास बिनचूक भरतात.

त्याहून अधिक नुकसान होते ते कळप मिसळल्याने. छिंदवाड्याकडून आलेल्या टेम्पोतले बोकड यवतमाळच्या बाजारातून आलेल्या बोकडांत सोडले, की रात्रभर टकरा चालू राहतात, कारण अनोळखी बोकडांना आपापली पायरी ठरवल्याशिवाय चैन पडत नाही. या झटापटीत डाग तर पडतातच, शिवाय स्नायूंत साठलेले ग्लायकोजेन खर्ची पडते. कत्तलीनंतर याच ग्लायकोजेनपासून लॅक्टिक आम्ल तयार होऊन मांसाचा सामू (पीएच) ७ च्या आसपासून ५.५ ते ५.८ पर्यंत उतरायचा असतो. ग्लायकोजेनचा साठा आधीच संपला असेल तर सामू ६ च्या वर अडकून राहतो, आणि असे मांस गडद, चिकट व लवकर खराब होणारे निघते. ते शीतगृहात ठेवून सुधारत नाही. म्हणून एका टेम्पोतला कळप एकाच कप्प्यात ठेवावा, दारावर पाटी लावून त्यावर उतरवल्याची वेळ, गाव आणि संख्या खडूने लिहावी, आणि नंतर आलेली दोन-चार जनावरे ‘जागा आहे’ म्हणून त्यात ढकलू नयेत. पाटीचा दुसरा उपयोग असा की धडाच्या तपासणीत रोग आढळला, तर तो कोणत्या कळपातून आला हे शोधता येते.

विश्रांती खरोखर मिळते आहे का, हे पाहायला यंत्र लागत नाही. रात्री दहा वाजता टॉर्चचा झोत जमिनीवर ठेवून शेडमधून एक फेरी मारावी. निवांत कळपातल्या बहुतेक शेळ्या बसून रवंथ करत असतात. अर्धा कप्पा उभा असेल, तर पाणी संपले आहे, कुत्री आत शिरली आहेत किंवा एखादा दांडगा बोकड कोणाला बसू देत नाही.

मे महिन्यातला ताप

नागपुरातली खास अडचण ही आहे. शेळीचे नेहमीचे तापमान १०१.५ ते १०३.५ अंश फॅरनहाइट असते. पण बाहेर ४५ अंश सेल्सिअस असताना दुपारी दोन वाजता टेम्पोतून उतरलेली निरोगी शेळीही धापा टाकत असते आणि थर्मामीटर १०४ च्या वर जातो. ज्वर असलेले जनावर कत्तलीला घेता येत नाही, त्यामुळे अशा वेळी दोन उलट्या चुका होतात : कोणी सगळा कळप संशयित ठरवतो, तर कोणी ‘उन्हाचा ताप आहे’ म्हणून सगळाच पास करतो.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत आलेल्या ४० शेळ्यांपैकी जवळपास सगळ्यांचे तापमान चढलेले पाहून मी त्या सरसकट विश्रांतीला सोडल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता, शेड थंड झालेली असताना, पुन्हा मोजल्यावर ३७ उतरलेल्या होत्या आणि तीन अजून १०५ वर होत्या. त्या तिघींच्या नाकपुड्यांवर शेंबडाची खपली धरली होती, आणि ओठ उलटून पाहिल्यावर हिरड्यांवर पांढुरके व्रण दिसले. पीपीआरचा, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या संसर्गजन्य विषाणूरोगाचा, संशय घेण्यास एवढे पुरेसे होते. पण रात्रभर त्यांनी इतरांबरोबर एकाच हाळीवर पाणी प्यायले होते. उन्हाने चढलेला ताप सावली आणि पाणी मिळाल्यावर काही तासांत उतरतो, रोगाचा उतरत नाही. म्हणून दुपारी आलेला कळप स्वतंत्र कप्प्यात ठेवून सूर्यास्तानंतर आणि पुन्हा पहाटे मोजावा, आणि शक्य असेल तिथे उन्हाळ्यात जनावरे सकाळी नऊच्या आत उतरतील अशी वेळ व्यापाऱ्यांना बांधून द्यावी.

पत्र्याच्या शेडवर तणसाचा जाड थर टाकला, तरी आतली धग जाणवण्याइतकी कमी होते. कूलर मे महिन्याच्या कोरड्या हवेत चांगले काम देतो. जुलैत तोच कूलर हवा दमट करून धाप वाढवतो, तेव्हा तो बंद करून बाजू मोकळ्या ठेवाव्यात आणि पंखे लावावेत. शेळ्यांवर आणि फरशीवर सारखे पाणी मारण्याची सवयही सोडावी. ओल्या फरशीवर खूर घसरतात, आणि शेळी ओल्या जागी बसत नाही.

चारा बंद, पाणी चालू

‘उपाशी ठेवायचे’ या शब्दांचा अर्थ पुष्कळ ठिकाणी पाणीही तोडणे असा घेतला जातो, आणि ही निव्वळ चूक आहे. चारा कत्तलीच्या साधारण १२ तास आधी थांबवावा, पाणी शेवटपर्यंत ठेवावे. कोटीपोट गच्च भरलेले असेल तर ते सोडताना फुटण्याचा धोका वाढतो. उलट उपास फार लांबला तर आतला ऐवज पातळ होतो आणि अपायकारक जंतू वाढतात. सकाळी आलेल्या कळपाला संध्याकाळपर्यंत चारा आणि दुसऱ्या सकाळी कत्तल, हा हिशेब सहज बसतो. निपलमधून पाणी पिणे गावाकडच्या शेळीला ठाऊक नसते, ती समोर निपल असूनही तहानलेली राहते. तिला उघडी हाळ लागते, आणि लेंड्या पडू नयेत म्हणून ती थोडी उंचावर, पुढे आडवी दांडी लावून बसवावी.

शेळ्या गल्लीत अडत असतील, तर काठी उचलण्याआधी स्वतः शेळीच्या डोळ्यांच्या उंचीवर उकिडवे बसून पुढे पाहावे. चकाकणारे डबके, लोंबणारी साखळी किंवा फरशीवर पडलेली उन्हाची पट्टी लगेच दिसते. शिंगे किंवा मागचा पाय धरून ओढलेल्या शेळीवर डाग पडणारच.

कुंपणाबाहेरून केलेली तपासणी

नियमानुसार एका पशुवैद्यकाने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा अधिक जनावरे तपासायची नाहीत. म्हणजे एका जनावरामागे पाच मिनिटे. एका नोंदवहीत मी ओळीने ६० जनावरांपुढे १०२ हा एकच आकडा पाहिला आहे. थर्मामीटर पेटीतून निघालाच नव्हता, हे सांगायला कोणाची गरज नव्हती. तपासणीचा क्रम असा असावा : आधी लांबून, कळप स्वस्थ असताना, कोण बाजूला उभे आहे, कोणाचे कान पडले आहेत ते पाहावे, मग दारातून एकेक जनावर चालवत दोन्ही बाजूंनी पाहावे, म्हणजे लंगडणे कळते, शेवटी हाताने. शेळ्यांची कास आणि पोट चाचपणे टाळू नये, कारण गाभण शेळी, तीन महिन्यांच्या आतले पिल्लू असलेली शेळी आणि तीन महिन्यांखालचे करडू यांची कत्तल नियमाने निषिद्ध आहे. आदल्या दिवशीचा दाखला हातात असला तरी कत्तलीच्या सकाळी एक फेरी पुन्हा घ्यावी. २४ तासांत दबलेला रोग वर येतो.

संशयित कप्पा

या कप्प्यात बहुधा चाऱ्याची पोती आणि मोडका वजनकाटा सापडतो. तो रिकामा असावा, त्याचे पाणी व गव्हाण स्वतंत्र असावी, आणि त्याचे सांडपाणी निरोगी कप्प्यांतून वाहत जाऊ नये. उताराची दिशा बादलीभर पाणी ओतून तपासता येते. संशयित जनावराची खूण शेवटच्या तपासणीपर्यंत पुसली जाऊ नये, आणि त्याची कत्तल त्या दिवशीची इतर सर्व जनावरे झाल्यावरच करावी.

कप्प्यात मेलेले आढळलेले जनावर ओढत आत नेऊन ‘निदान कातडे तरी’ म्हणत सोलणे सर्वांत घातक. नाका-तोंडातून वा गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त आलेले असेल तर फाशी रोगाचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, संशय घ्यावा. असे धड उघडले की जंतू हवेच्या संपर्कात येऊन बीजाणू धरतात आणि ते मातीत वर्षानुवर्षे टिकतात. धड जागेवर झाकावे, कप्पा बंद करावा, कोणाला आत सोडू नये आणि पशुवैद्यकाला बोलवावे. तो कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेईल. निकाल येईपर्यंत त्या कळपातले एकही जनावर पुढे पाठवू नये.