घरी लाकडी कपाट करताय? दार वाकडं लागण्याआधी या चुका टाळा

नव्या कपाटाचं दार नीट लागत नाही, ही घरच्या घरी सुतारकाम करणाऱ्यांची नेहमीची तक्रार. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन बिजागरीशी झटापट सुरू होते. वरची आवळा, खालची सैल करा, पुन्हा वरची. तासाभरानं दार होतं त्याहून वाकडं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असला हा प्रकार, कारण दारात दिसणारा दोष बहुतेक वेळा दाराचा नसतोच. तो खोक्याचा असतो, फरशीचा असतो, नाहीतर प्लाय विकत घेतला त्या दिवशीचा असतो.

बोलायला सोपं जावं म्हणून एक माप धरू: ९०० मिमी उंच, ६०० रुंद, ३०० खोल, १८ मिमी प्लायचं दोन पल्ल्यांचं कपाट. पहिल्या खेपेला यापेक्षा मोठं काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्लाय घेताना आणि कापताना

१८ मिमीचा म्हणून दिलेला प्लाय मोजला तर कधी १७ आणि काही दशांश भरतो. अर्धा-पाऊण मिमी कमी, त्यात काय एवढं? पण आपलं सगळं गणित त्यावरच बसलेलं असतं. दोन बाजूंची जाडी ३६ धरून वरची-खालची फळी ५६४ ची कापली आणि प्लाय प्रत्यक्षात १७.२ निघाला, तर कपाट ६०० ऐवजी ५९८.४ होतं. कोनाड्यात बसवायचं असेल किंवा दारं आधीच कापून ठेवली असतील तर हा फरक नेमका तिथे डोकं वर काढतो. म्हणून आधी प्लाय आणा, व्हर्नियरनं जाडी मोजा आणि मगच कापायची यादी लिहा. करवतीच्या पात्याची जाडीही त्या यादीत हवी. दर कापाला सुमारे ३ मिमी, म्हणजे जवळजवळ एक सूत (इंचाचा आठवा भाग), भुसा होऊन जातं.

दुसरं, ‘एमआर’ शिक्का असलेला प्लाय दमट हवेला टिकतो, पाण्याला नाही. बैठकीच्या खोलीत तो चालेल. सिंकखाली किंवा बाथरूमच्या भिंतीला लागून ठेवायचं असेल तर आयएस ७१० चा मरीन प्लायच घ्या, तिथे काटकसर नको. शीट उभी करून एका कडेनं, एक डोळा मिटून बघा. धनुष्यासारखी वाकलेली दिसली तर दुकानदार काहीही म्हणो, घेऊ नका. ‘बसवल्यावर सरळ होते’ ही थाप आहे.

कापणं शक्यतो दुकानातच करून घ्या. बऱ्याच प्लायवाल्यांकडे मोठं कटिंग मशीन असतं आणि त्यावरचा काप सरळ आणि काटकोनात येतो. घरी कापायचंच असेल तर हे ध्यानात ठेवा: हातातल्या सर्क्युलर सॉचे दात खालून वर कापत येतात, त्यामुळे छिलके वरच्या बाजूला उडतात. चांगली बाजू खाली ठेवा. हातकरवतीचं याच्या उलट, तिथे चांगली बाजू वर.

आणि ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावून कापणं ताबडतोब बंद करा. ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. पातं लाकडात अडकलं की अख्खं यंत्र उसळून अंगावर येतं आणि गार्ड काढलेला असेल तर मध्ये काहीच नसतं. कारागिरांना असं कापताना आपण रोज पाहतो, म्हणून ते सुरक्षित ठरत नाही.

खोका गुण्यात आहे का?

सगळ्या कामाचा जीव इथे आहे. चारही फळ्या जोडल्या, कोपऱ्यांना गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) लावून पाहिला, बरोबर दिसला, की बहुतेक जण पुढे सरकतात. पण सहा इंची गुण्या तीन फुटी बाजूबद्दल फारसं सांगू शकत नाही. टेप घ्या आणि दोन्ही कर्ण मोजा. आपल्या मापाला बाहेरून बाहेर कर्ण १०८१-८२ मिमी यायला हवा. खरं तर आकडा महत्त्वाचा नाही, दोन्ही कर्ण सारखे येणं महत्त्वाचं. त्यांत ४ मिमीचा फरक असेल तर कपाटाची बाजू तळापासून माथ्यापर्यंत साडेतीन मिमीच्या आसपास कललेली असते. नुसत्या डोळ्यांना हे कळत नाही. दारं लावली की कळतं.

कसं कळतं तेही बघा. दोन्ही बाजू एकाच दिशेला कललेल्या असतात, म्हणून पल्लेही एकाच दिशेला कलतात. मधली फट वरपासून खालपर्यंत सारखी राहते, पण मध्ये जिथे पल्ले भेटतात तिथे एक वर आणि एक खाली, असा दोन-अडीच मिमीचा टप्पा पडतो. ही खूण दिसली की बिजागरीला हात लावू नका. आधी पाठ सोडवा.

पाठ म्हणजे मागचा ६ मिमी प्लाय. याला लोक धूळ अडवणारा पडदा समजतात आणि चार खिळ्यांवर भागवतात. खोका गुण्यात धरून ठेवण्याचं काम तोच करतो. पाठ कापताना ती स्वतः काटेकोर काटकोनात कापा. चौकटीचा फेविकॉल ओला असतानाच लांब कर्णाच्या दोन टोकांना शिकंजा (क्लॅम्प) लावून हळूहळू आवळा, कर्ण सारखे झाले की पाठीला फेविकॉल लावून दर सहा इंचांवर स्क्रू मारा. मग रात्रभर त्याला हलवू नका. घाई करून दोन तासांत शिकंजे काढले तर सगळी मेहनत वाया जाते.

स्क्रू मारण्याआधी भोक पाडायचा कंटाळा करू नका. प्लायच्या कडेत सरळ स्क्रू दामटला की थर फाकतात आणि फाकलेल्या थरात स्क्रू धरत नाही. ४ मिमी स्क्रूला ३ मिमी बिट पुरतं.

फरशी सरळ नसते

वर्कशॉपमध्ये, म्हणजे आपल्या गॅलरीत, दारं छान लागत होती आणि खोलीत नेल्यावर बिघडली? मग दोष फरशीचा. एक कोपरा दोन मिमी अधांतरी राहिला तरी सामान भरल्यावर खोका पिळला जातो. याची खूण निराळी: एका पल्ल्याचा खालचा किंवा वरचा कोपरा दुसऱ्याच्या पुढे आलेला दिसतो. लेव्हल ठेवून तपासा आणि अधांतरी कोपऱ्याखाली सनमायकाचे उरलेले तुकडे सरकवा. एक तुकडा साधारण १ मिमी, त्यामुळे हवी तेवढी उंची नेमकी मिळते. पुठ्ठ्याची घडी घालू नका, ती दबते.

पायथ्याची आणखी एक गोष्ट. आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्यानं पुसली जाते. प्लायची उघडी कड जमिनीला टेकली असेल तर ती ते पाणी ओढून घेते आणि दोन पावसाळ्यांत तळ फुगतो. कपाट पीव्हीसीच्या पायांवर उचला आणि खालच्या कडेला, जी कुणालाच दिसत नाही, तिलाही सीलर लावा. वाळवीचं औषधही तिथेच आणि पाठीला हवं.

पल्ला स्वतःच वाकला असेल तर

लेव्हल ठीक, कर्ण ठीक, तरी कोपरा पुढेच? पल्ला काढून सपाट ओट्यावर ठेवा. डुगडुगला तर तो पिळलेला आहे. यामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं: बाहेरून १ मिमीचा सनमायका आणि आतून नुसता रंग, किंवा तेही नाही. मग एक बाजू हवेतली ओल घेते आणि दुसरी घेत नाही, ताण सारखा राहत नाही, पल्ला वाकतो. आतूनही लायनर लॅमिनेट, म्हणजे आतल्या बाजूचा सनमायका, लावाच, पातळ चालेल. वाकून बसलेला पल्ला वजन ठेवून सरळ करायचे उपाय सांगणारे भेटतात. तो नवा करणं स्वस्त पडतं.

बिजागरी घेताना क्रँक, म्हणजे तिच्या हाताचा बाक, नीट सांगा. पल्ला बाजूच्या फळीला पूर्ण झाकत असेल तर झिरो, मधल्या एका फळीवर दोन पल्ले येत असतील तर आठ, पल्ला चौकटीच्या आत बसणार असेल तर पंधरा-सोळा. चुकीचा क्रँक आणून स्क्रूनं ‘जमवून’ घेता येत नाही, कारण त्या स्क्रूत दोन-तीन मिमीचीच मोकळीक असते. कपचं, म्हणजे पल्ल्यात बसणाऱ्या बिजागरीच्या गोल वाटीचं, भोक ३५ मिमीचं, त्याचा मध्य पल्ल्याच्या कडेपासून २१-२२ मिमीवर. खोली १२ मिमीच्या आसपास. बिटावर टेप गुंडाळून खूण करा, नाहीतर बिट पलीकडे डोकावतं.

सागवान वापरणाऱ्यांसाठी

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. फूटभर रुंदीची सागाची फळी उन्हाळा आणि पावसाळा यांच्या दरम्यान दीड-दोन मिमी सहज फुगते-आकसते. मे महिन्यात चौकटीच्या आत घट्ट बसवलेला पल्ला जुलैत अडकणारच. त्यात रंध्याचा दोष नाही, मोसमाचा आहे. तेव्हा रंधा मारून मोकळं केलं तर पुढच्या मेमध्ये नजरेत भरेल एवढी फट दिसेल. रुंद पॅनल चौकटीच्या खाचेत बसवा, पण खाचेत फेविकॉल घालू नका. त्याला हलायला जागा द्या.

वखारीतून घेताना कडेचा पांढुरका भाग असलेल्या फळ्या बाजूला काढा. कीड आधी तिथेच लागते. जुन्या वाड्यांचं सागवान मिळालं तर उत्तम, ते पुरतं वाळलेलं असतं. फक्त कापण्याआधी सगळीकडून लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला एक खिळा नव्या पात्याचे दात घेऊन जातो. साग तेलकट असतो, म्हणून जोड चिकटवण्याच्या थोडंसं आधी ती जागा थिनरनं पुसा.

कप्पे आणि ड्रॉवर

पुस्तकांचा कप्पा वाकतो तो प्लाय वाईट म्हणून नाही, लांबी जास्त म्हणून. दोन फुटांचा कप्पा तीन फुटांचा केला आणि तशीच पुस्तकं भरली, तर झोल पाचपट होतो. अडीच फुटांपुढे मध्ये उभी फळी द्या किंवा पुढच्या कडेला दीड इंची पट्टी लावा. ब्लॉकबोर्ड (आत लाकडी पट्ट्या भरलेला बोर्ड) असेल तर आतल्या पट्ट्या कप्प्याच्या लांबीच्या दिशेनं जायला हव्यात. आडवा कापलेला ब्लॉकबोर्ड काही धरत नाही.

ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या टेलिस्कोपिक चॅनलला दर बाजूला अर्धा इंच लागतो. आत ५६४ मिमी जागा असेल तर ड्रॉवरचा खोका ५३८ चा करा. मिमीभर सैल चालतो, घट्ट अजिबात चालत नाही.

पॉलिश आणि ढिले स्क्रू

धो धो पावसात लॅकर मारलं की पांढुरका धुरकट थर येतो. तो ओलीमुळे येतो, माल खोटा म्हणून नाही. कोरडा दिवस बघून थिनरचा हलका हात फिरवला तर बऱ्याचदा निघून जातो. फेविकॉलचे ओघळ ओले असतानाच पुसा, नाहीतर पॉलिशखाली डाग उठतात. जवसाचं तेल वापरत असाल तर तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

सामान भरून महिना झाला की बिजागऱ्यांचे स्क्रू एकदा आवळा. एखादा नुसताच फिरत असेल तर जाड स्क्रू दामटू नका. भोकात फेविकॉल लावलेल्या बांबूच्या काड्या ठोका, वाळल्यावर वरून सपाट कापा आणि नव्यानं ३ मिमीचं भोक पाडून तोच स्क्रू बसवा.