कामावर नशेचा संशय आल्यास या चुका टाळा

कर्मचाऱ्याचा तोल जातो आहे, जीभ अडखळते आहे, तोंडाला वास येतो आहे, एवढ्यावरून ‘हा पिऊन आला आहे’ असा निकाल देऊन मोकळे होणे, ही पर्यवेक्षकाची सर्वांत धोकादायक चूक होय. रक्तातील साखर एकदम उतरली किंवा पक्षाघाताचा झटका आला, तरी माणूस असाच दिसतो. मधुमेह बळावल्यावर श्वासाला येणारा ॲसिटोनचा गोडसर वासही दारूचा वाटू शकतो. म्हणून आधी त्याला यंत्रापासून दूर बसवावे, वैद्यकीय मदत बोलवावी आणि नोंदीत निदान न करता डोळ्यांनी पाहिले तेवढेच वेळेसह लिहावे. ‘१०.२० वाजता दोनदा तोल गेला’ हे वाक्य चौकशीत टिकते. ‘नशेत होता’ हे टिकेलच असे नाही. त्याला स्वतःचे वाहन चालवत घरी जाऊ देऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

चाचणीकडून भलतेच उत्तर मागणे ही दुसरी चूक. लघवीत गांजाचे अंश सापडले, तर पूर्वी केव्हातरी सेवन झाले होते एवढेच कळते. नियमित सेवन करणाऱ्यांत ते काही आठवडेही राहतात, त्यामुळे कामाच्या वेळी अंमल होता, हे त्यातून सिद्ध होत नाही. प्राथमिक चाचणी तर सर्दीवरच्या स्यूडोएफेड्रिन या औषधालाही उत्तेजक अमली पदार्थ समजून फसू शकते. प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंच्या वजनावरून पदार्थ नेमका ओळखणाऱ्या तपासणीने, खातरजमा होईपर्यंत कारवाईचे पत्र काढू नये.

‘काल रात्री घेतली होती, आज काही नाही’ हे उत्तर मात्र सहज मान्य करू नये. शरीर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅम मद्य निकाली काढते. मध्यरात्री १५० मिलिग्रॅम असलेली पातळी सकाळी ८ वाजताही ३० च्या आसपास असू शकते, आणि चहा-कॉफीने ती उतरत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९६ च्या आचारसंहितेने अशा समस्यांकडे इतर आजारांप्रमाणेच पाहावे असे सुचवले, तरी ‘आजपासून पूर्ण बंद’ असे हमीपत्र लिहून घेण्याचा मोह अनेक व्यवस्थापकांना आवरत नाही. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली, तर पहिल्या दोन दिवसांत आकडीचे झटके येऊ शकतात आणि त्यापुढे जिवावर बेतणारा भ्रमही होऊ शकतो. त्यामुळे हमीपत्रावर सही घेण्याआधी डॉक्टरांची भेट आणि उपचारांसाठी रजा, हाच क्रम ठेवावा.