कोरलेला फोटो मागून उजळायचा असेल तर आधी लाइट ठरवा

मागे एका गिऱ्हाइकाच्या वडलांचा फोटो शीटमध्ये कोरला, मशीनवरून उतरवला आणि लाइट न लावताच त्याच्या हातात दिला. तो बघतच राहिला, म्हणे "भाऊ, हाऊ मना बाप नई शे!" बरोबरच होतं त्याचं, बिन लाइटचा असा फोटो म्हणजे नुसते खड्डे न् उंचवटे. शीट पातळ तिथून उजेड येतो, जाड तिथे सावली पडते, चेहरा बनतो तो लाइटमुळेच. ह्याला लिथोफेन म्हणतात, युरोपात १८२० च्या दशकापासून पोर्सेलीनमध्ये करत आले, आपण सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कोरायच्या मशीनवर करतो एवढाच फरक.

शीट कोणती घ्यायची? लोक देवघरासाठी वापरतात ती पांढरी कोरियन (Corian), म्हणजे अ‍ॅक्रिलिक सॉलिड सरफेस, सगळ्यात चांगली. एकदम प्लेन पांढरी घ्या, ठिपके किंवा मार्बलसारख्या रेषा असलेली नको, त्या रेषा लाइट लावला की गालावर जखमेसारख्या दिसतात. स्वस्तात पॉलिस्टरवाली पण मिळते पण ती ठिसूळ, पातळ जागी टवके उडतात आणि पुढे पिवळी पण पडते. दुकानात ओळखायचं कसं तर तुकड्यामागे मोबाइलचा टॉर्च लावा, उजेड दुधासारखा एकसारखा पसरला तर घ्या, डाग डाग दिसले तर ठेवून द्या. नवीन शीट घ्यायची पण गरज नाही भो, किचन ओटा करणाऱ्यांकडे सिंकसाठी कापलेला मधला तुकडा पडून राहतो, तो मागा. तो १२ एमएमचा असतो, कडेने पट्टी तशीच जाड सोडायची आणि मधला भाग ४ एमएमपर्यंत खाली घ्यायचा, फ्रेम आपोआप तयार.

दुधी अ‍ॅक्रिलिक पण चालतं पण कास्टच (साच्यात ओतलेलं) मागा, एक्स्ट्रुडेड (मशीनमधून दाबून काढलेलं) वितळून बिटला, म्हणजे कोरायच्या पात्याला चिकटतं, माझे दोन बिट असेच गेले. थ्रीडी प्रिंटवाल्या पीएलए प्लास्टिकचं मात्र आपल्याकडे अवघड आहे. पीएलए ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, भुसावळला मे महिन्यात सावलीतच ४५ च्या वर जातं, मग पत्र्याखाली बंद डब्यात लाइट चालू असल्यावर काय होणार? मी शोकेसमध्ये ठेवलेला एक पापडासारखा वाकला.

आता लाइट. हे सगळे शेवटी बघतात आणि तिथेच काम बिघडतं. चेहऱ्यासाठी मी ४००० केल्विन (हा उजेडाच्या रंगाचा आकडा) वापरतो, ६५०० चा चेहऱ्याला निळसर करतो, ३००० चा जुन्या पिवळ्या फोटोसारखा, म्हणजे आजी-आजोबांच्या फोटोला तोच छान दिसतो. एलईडीची पट्टी लावणार असाल तर दोन पट्ट्यांमध्ये जेवढं अंतर तेवढी तरी फोटोमागच्या डब्याची खोली ठेवा, नाहीतर कपाळावर एलईडीचे ठिपके मोजून घ्या. डबा आतून पांढरा रंगवा, मागे हवेला भोकं ठेवा. एवढी खटपट नको असेल तर छताला लावतात तो रेडिमेड चौकोनी एलईडी पॅनल घ्या, उजेड आधीच पसरलेला येतो.

आणि हा लाइट हातात आल्यावरच कोरायला घ्या. त्याआधी त्याच शीटच्या तुकड्यावर पायऱ्या काढा, अर्धा एमएमपासून ४ एमएमपर्यंत अर्ध्या-अर्ध्याने, आणि तुकडा त्याच लाइटवर धरा. कुठल्या पायरीला पूर्ण काळं दिसतं ती तुमची जास्तीत जास्त जाडी, त्याच्यापुढे नुसता मशीनचा वेळ जातो. पातळ बाजूला मी ०.८ च्या खाली जात नाही. लाइट बदलला की हे आकडे पण बदलतात, म्हणून दुसऱ्याचे सेटिंग उचलून उपयोग नाही.

फोटो आधार कार्डावरचा आणू नका हो, हात जोडतो! चेहऱ्यावर एका बाजूने उजेड असलेला पाहिजे, आणि पांढरा शर्ट पांढऱ्या भिंतीसमोर असेल तर खांदेच गायब होतात.

बारीक टेपर बॉल नोज (निमुळता, गोल टोकाचा बिट) लावा, स्टेपओव्हर, म्हणजे दोन फेऱ्यांमधलं अंतर, ०.१५ एमएम. २०० बाय २५० च्या पॅनलला १३०० च्या वर फेऱ्या होतात, मिनिटाला २ मीटर स्पीड धरला तरी पावणेतीन तास, त्यात लाइट गेली तर झालंच, म्हणून एक्स-वाय-झेडचे झिरो, म्हणजे मशीनने सुरुवात केली ती जागा, कागदावर लिहून ठेवा. मास्क लावा, भुकटी फार बारीक उडते. कोरल्यावर पॉलिशपेपर मारू नका, साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश बस.

आपल्याकडची धूळ बघता मी कोरलेली बाजू आत ठेवतो आणि सपाट बाजू बाहेर, पुसायला सोपं जातं, फक्त फोटो आधी मिरर करून घ्यावा लागतो. उजेड कमी-जास्त करायचा तर १२ व्होल्टच्या पट्टीला डीसी डिमरच लावा, घरात पडलेला पंख्याचा रेग्युलेटर जोडू नका, लाइट फडफडते आणि अडॅप्टर जातो तो वेगळाच.