बाथरूममध्ये गेलेले अन्न: ज्यू घरात काय करावे

शौचालयात अन्न नेऊ नये, हा रिवाज अनेक धार्मिक ज्यू कुटुंबे पाळतात. तो नुसता स्वच्छतेचा नियम मानला, तर त्याचे बारकावे हाती लागत नाहीत. काहीही खाण्यापूर्वी म्हणायची ‘ब्राखा’ ही आभारप्रार्थना अस्वच्छ जागी उच्चारता येत नाही. शिवाय तिथे ‘रुआख राआ’, म्हणजे एक प्रकारची अशुभ शक्ती, वावरते असा जुना समज आहे. योसेफ कारो यांच्या, १५६५ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ‘शुल्हान आरुख’ या विधिसंहितेत शौचालयातून बाहेर आल्यावर हात धुण्यास सांगितले आहे.

त्यामुळे आत जाण्यापूर्वी खिसा आणि पिशवी तपासावी, उघडे खाणे बाहेरच्या फळीवर ठेवावे आणि लहान मुलाच्या हातातले बिस्किट आधी काढून घ्यावे. नीट बांधलेला डबा किंवा बंद पाकीट चुकून आत गेले, तर बहुतेकांच्या मते काहीच बिघडत नाही.

खरा प्रश्न उघड्या अन्नाचा. ते आत गेले की लगेच कचऱ्यात टाकण्याकडे काहींचा कल असतो. मला ते मुळीच पटत नाही, कारण उपयोगी वस्तू वाया घालवू नये ही ‘बाल ताश्हित’ची आज्ञाही तितक्याच आदराने पाळायची असते. पुष्कळ रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, असे अन्न खाण्यास मोकळीक देतात, आणि सफरचंदासारखे धुता येणारे फळ असेल तर ते तीनदा पाणी ओतून धुण्याचा रिवाज आहे. पाव धुता येत नाही. तेव्हा मनात शंका राहिली, तर आपल्या रब्बींना विचारावे आणि तोवर तो झाकून बाजूला ठेवावा.

आजच्या बाथरूमला जुन्या शौचालयाचे सगळे नियम लागू होतात का, यावर मतभेद आहेत. तालमूद या प्राचीन ज्यू धर्मग्रंथात पर्शियन लोकांच्या शौचालयांचा उल्लेख येतो: उतारामुळे तिथली घाण लांब वाहून जात असे, म्हणून त्यांच्याबाबत सौम्य भूमिका घेतली गेली. पाण्याने घाण वाहून नेणाऱ्या आजच्या शौचकूपाविषयी बोलताना अनेक जण याच उताऱ्याचा आधार घेतात, आणि मला तो आधार भक्कम वाटतो.

औषधाच्या गोळीची अडचण त्याहून सोपी आहे. केवळ गोळी गिळण्यासाठी, तहान नसताना घेतलेल्या पाण्यावर ब्राखा म्हणायची नसते. तरीही गोळी बाहेर येऊन घेणे बरे.

बाहेर आल्यावर शक्यतो बाहेरच्याच नळाशी दोन कानांचे भांडे भरावे. ते डाव्या हातात धरून उजव्या हातावर, मग उजव्या हातात घेऊन डाव्यावर, असे आलटून पालटून पाणी ओतावे. अनेक घरांत प्रत्येक हातावर तीनदा ओततात. हात पुसून, शरीराची छिद्रे व पोकळ्या निर्माण करणाऱ्या देवाचे आभार मानणारी ‘अशेर यात्झार’ शांतपणे म्हणावी, आणि मगच फळीवर ठेवलेले खाणे उचलून त्याची ब्राखा म्हणावी.