द्राक्षमण्यात जीएचा संकेत कसा मोजावा: बागेपासून क्यूपीसीआरपर्यंत

तासगाव, पलूस, मिरज आणि कवठेमहांकाळ या तालुक्यांतील द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतर, मणी ज्वारीच्या दाण्याएवढा झाला की जिबरेलिक आम्लाच्या, म्हणजे बागायतदारांच्या भाषेत ‘जीए’च्या, द्रावणात घड बुडवण्याचे काम सुरू होते. मणी लांबतो आणि फुगतो हे बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. परंतु द्रावण सालीला लागल्यापासून पेशीने वाढीला सुरुवात करेपर्यंत आत काय घडते, हे त्याच बागेतून नमुने आणून प्रयोगशाळेत क्यूपीसीआरने, म्हणजे जनुकाच्या आरएनएवरून बनवलेल्या डीएनएच्या प्रती वाढवत त्या मोजणाऱ्या पद्धतीने, मोजता येते. सांगली परिसरातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी याहून चांगला विषय क्वचितच मिळेल, असे माझे मत आहे, कारण येथे संकेत कोणता, तो कधी दिला आणि किती दिला, या तिन्ही गोष्टी आपल्या हातात असतात.

प्रथम संकेताचा मार्ग नीट समजून घ्यावा, कारण कोणते जनुक मोजायचे हे त्यावरच ठरते. भाताची रोपे अवाजवी उंच होऊन कोलमडतात, त्या रोगाचे मूळ बुरशीने सोडलेल्या एका द्रव्यात आहे, हे जपानमध्ये १९२६ साली कुरोसावा यांनी दाखवले. पुढे त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव मिळाले. वनस्पतीच्या पेशीत हे द्रव्य ओळखणारा ग्राही, जीआयडी१, २००५ साली भातातच सापडला. जिबरेलिन नसताना ‘डेला’ नावाची प्रथिने वाढीची जनुके दाबून ठेवतात. जिबरेलिन ग्राहीत बसले की ग्राहीचा आकार बदलतो, तो डेलाला पकडतो, डेलावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लागते आणि प्रोटिअ‍ॅसोम ते प्रथिन तोडून टाकतो. म्हणजे हा संकेत एखादी गोष्ट चालू करून पुढे जात नाही, तर अडसर काढून पुढे जातो. द्राक्षातील पिनो म्यूनिए या जातीत डेलाच्या जनुकात असा बदल आहे की जीए त्याला हलवू शकत नाही. त्या बदलाचे वेल वेगळे वाढवले तेव्हा ते खुजे राहिले आणि तणाव्यांच्या जागी त्यांना घड लागले. हा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला आणि द्राक्षवेलीत जीएचे काम किती मुळाशी आहे, हे त्याने स्पष्ट केले.

येथे बहुतेक नवे विद्यार्थी एक चूक करतात. डेला महत्त्वाचे आहे, म्हणून ते डेलाच्याच जनुकाचा आरएनए मोजतात आणि काहीच बदल दिसला नाही की जीएचा परिणाम झाला नाही असे लिहून मोकळे होतात. वास्तविक जीए डेलाचे प्रथिन नष्ट करतो. त्याच्या आरएनएला हात लावेलच असे नाही. आरएनए मोजणाऱ्या पद्धतीने संकेत पाहायचा असेल, तर अडसर निघाल्यानंतर ज्या जनुकांची पातळी बदलते ती निवडावीत. सर्वांत भरवशाची खूण पेशीच्या स्वतःच्या समतोलात सापडते: जीए भरपूर झाला की पेशी तो तयार करणाऱ्या जीए-२०-ऑक्सिडेज आणि जीए-३-ऑक्सिडेज यांची अभिव्यक्ती, म्हणजे त्यांच्या जनुकांतून आरएनए बनण्याचे प्रमाण, कमी करते आणि तो निकामी करणाऱ्या जीए-२-ऑक्सिडेजची वाढवते. यातील एक घटणारे व एक वाढणारे जनुक घ्यावे. जोडीला पेशीभित्तिका सैल करणाऱ्या एक्स्पान्सिनचे एखादे जनुक घ्यावे, म्हणजे संकेत पोहोचला का आणि वाढीचे काम सुरू झाले का, हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे तपासता येतात. ही सर्व जनुके कुटुंबाने राहतात. त्यामुळे द्राक्षाच्या जनुकसंचात, जो २००७ साली फळपिकांपैकी सर्वप्रथम जाहीर झाला, कुटुंबातील नेमका कोणता सदस्य कोवळ्या मण्यात व्यक्त होतो हे पाहूनच निवड करावी.

आता बागेकडे वळू. माझा अनुभव असा आहे की निकाल चांगला की वाईट हे नव्वद टक्के येथेच ठरते, आणि तरीही सर्वांत कमी वेळ याच टप्प्याला दिला जातो.

बाग निवडताना बागायतदाराकडून मागील सर्व फवारण्यांची वही मागून घ्यावी. घड लांबवण्यासाठी फुलोऱ्यापूर्वीच जीए दिलेला असतो, आणि मणी फुगवण्याच्या डोसात जीएबरोबर सीपीपीयू किंवा सिक्स-बीए ही सायटोकायनिन गटातील संजीवके मिसळण्याची पद्धत सर्रास आहे. अशा मिश्रणाने बुडवलेल्या घडांत दोन संकेत एकाच वेळी धावतात आणि कोणता बदल कोणाचा, हे नंतर कोणत्याही यंत्राला सांगता येत नाही. म्हणून प्रयोगाचे घड पट्टी बांधून राखून ठेवण्याची विनंती आधीच करावी. सर्व वेली एकाच जातीच्या, एकाच खुंटावरच्या आणि एकाच दिवशी छाटलेल्या असाव्यात. थॉमसन सीडलेस किंवा तिच्यातून निवडलेली तास-ए-गणेश यांसारखी बिनबियांची जात सोयीची ठरते, कारण कोवळ्या मण्याला बीमधून मिळणारे जिबरेलिन येथे कमी असते आणि बाहेरून दिलेल्या जीएला प्रतिसाद ठळक येतो.

द्रावणासाठी बाजारातील तयार डोस न घेता शुद्ध जीए३ घ्यावा. ५० मिलिग्रॅम जीए १ मिलिलिटर इथिल अल्कोहोलमध्ये विरघळवून ऊर्ध्वपातित पाण्याने १ लिटर करावा. हे ५० पीपीएमचे द्रावण झाले, आणि जीएचा रेणुभार ३४६.४ असल्याने ते सुमारे १४४ मायक्रोमोलर भरते. कूपनलिकेचे पाणी टाळावे, कारण अल्कधर्मी पाण्यात जीए लवकर निकामी होतो. तुलनेचे घड कोरडे ठेवू नयेत. १ लिटर पाण्यात तेवढेच १ मिलिलिटर अल्कोहोल घालून ते घड त्याच पद्धतीने, तितकाच वेळ बुडवावेत. अन्यथा ओलेपणा, हाताळणी आणि अल्कोहोल यांचा परिणाम जीएच्या नावावर जमा होतो.

नमुन्यांची आखणी मी अशी सुचवेन. सहा वेली निवडाव्यात. प्रत्येक वेलीवर सात घड: एक बुडवण्यापूर्वीचा, तीन जीएचे आणि तीन तुलनेचे, हे अनुक्रमे १ तास, ६ तास आणि २४ तासांनी तोडण्यासाठी. प्रत्येक वेळेला तुलनेचा स्वतंत्र घड हवा, हे आग्रहाने सांगतो. माझ्या पहिल्या प्रयोगात मी केवळ शून्य तासाचा नमुना तुलनेला ठेवला होता. सकाळी सात ते दुपारी एक या सहा तासांत ऊन, तापमान आणि वेलीचे स्वतःचे दैनिक घड्याळ यांनी अनेक जनुकांची पातळी बदलते. तो सगळा बदल मी जीएचा समजलो आणि पूर्ण हंगाम वाया गेला. तसेच एकाच घडातून पुन्हापुन्हा मणी तोडू नयेत. तोडल्याची जखम हादेखील पेशीला मिळालेला संकेतच असतो आणि तो शेजारच्या मण्यांपर्यंत पोहोचतो.

तोडलेला मणी क्षणभरही हातात राहू नये. कात्रीने देठाजवळ कापून तो सरळ द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसमध्ये, पडला पाहिजे. ५ मिलिमीटर व्यासाचे पंधरा मणी म्हणजे साधारण १ ग्रॅम होतात आणि तेवढे पुरतात. द्रव नायट्रोजन बागेपर्यंत कसा न्यायचा, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. आपल्या जिल्ह्यात दुग्धव्यवसाय मोठा असल्याने जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी वीर्यकांड्या याच द्रवात साठवल्या जातात, आणि तसल्याच लहान कंटेनरमधून तो नेता येतो. मात्र कंटेनरचे झाकण हवाबंद करू नये, गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्यात, डोळ्यांना संरक्षक चष्मा व हातांना जाड मोजे असावेत आणि नमुन्याच्या नळ्यांना सुईने भोक पाडलेले असावे. बंद नळीत शिरलेला द्रव बाहेर काढताच वायू होऊन नळी फोडतो. प्रयोगशाळेत आल्यावर नमुने उणे ८० अंशांत ठेवावेत.

आरएनए वेगळा करताना द्राक्ष फार त्रास देते. मण्यात पॉलिफेनॉल आणि पॉलिसॅकराइड भरपूर असल्याने प्राणिपेशींसाठी उत्तम चालणारी फिनॉल-ग्वानिडीनवर आधारित तयार द्रावणे येथे तपकिरी, चिकट गोळा देतात. त्याऐवजी सीटॅब या डिटर्जंटची पद्धत वापरावी: २ टक्के सीटॅब, २ टक्के पीव्हीपी, १०० मिलिमोलर ट्रिस (पीएच ८), २५ मिलिमोलर ईडीटीए, २ मोलर सोडियम क्लोराइड, आणि वापरण्याच्या क्षणी २ टक्के बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल. पीव्हीपी पॉलिफेनॉलला धरून ठेवते, मर्कॅप्टोइथेनॉल त्याचे ऑक्सिडीकरण रोखते. आरएनए तोडणारी एन्झाइमे नष्ट करण्यासाठी पाण्याला डीईपीसी लावतात, परंतु ट्रिस असलेल्या द्रावणाला तो थेट लावू नये, कारण ट्रिस त्याच्याशी अभिक्रिया करून त्याला संपवतो. आधी पाणी डीईपीसीने प्रक्रिया करून ऑटोक्लेव्ह करावे आणि मग त्यात ट्रिस विरघळवावा.

मणी थंड खलात द्रव नायट्रोजनखाली पिठासारखा बारीक होईपर्यंत कुटावेत. पीठ वितळू न देता ६५ अंशांपर्यंत तापवलेल्या १० मिलिलिटर द्रावणात टाकून दहा मिनिटे हलवत ठेवावे. समप्रमाणात क्लोरोफॉर्म व आयसोअमाइल अल्कोहोलचे २४:१ मिश्रण घालून सेंट्रिफ्यूज करावे. ही फेरी खोलीच्या तापमानालाच घ्यावी, कारण थंडीत सीटॅब स्वतःच गोठून खाली बसतो. वरचा थर काढून तीच क्रिया पुन्हा करावी. नंतर थराच्या एक चतुर्थांश इतके १० मोलर लिथियम क्लोराइड घालून नमुना रात्रभर ४ अंशांत ठेवावा. अंतिम २ मोलर लिथियममध्ये आरएनए खाली बसतो, तर डीएनए आणि शर्करायुक्त चिकटा बराचसा वर राहतो. ही रात्र वाचवण्याचा मोह टाळावा. सकाळी ४ अंशांत अर्धा तास सेंट्रिफ्यूज करून, ७० टक्के अल्कोहोलने धुऊन, आरएनए शुद्ध पाण्यात विरघळवावा.

२६० व २८० नॅनोमीटरचे गुणोत्तर २.० च्या जवळ असावे, परंतु द्राक्षात २६० व २३० चे गुणोत्तर अधिक बोलके असते. ते १.८ च्या बरेच खाली असेल, तर शर्करा किंवा फिनॉल शिल्लक आहे आणि पुढची एन्झाइमे अडखळणार, असे समजावे. जेलवर रायबोसोमच्या आरएनएचे दोन स्वच्छ पट्टे दिसले पाहिजेत. मग उरलेला डीएनए तोडणारा डीएनेज लावावा, नंतर तो निष्क्रिय करावा आणि प्रत्येक नमुन्यातून नेमका १ मायक्रोग्रॅम आरएनए घेऊन एकाच दिवशी, एकाच मिश्रणातून सर्व सीडीएनए, म्हणजे आरएनएची डीएनए-प्रत, तयार करावा. काही नमुन्यांची ही प्रत बनवणारे एन्झाइम, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, न घातलेली जोडी अवश्य ठेवावी. डीएनए उरला असल्यास तो तेथेच उघडा पडतो.

प्रायमर, म्हणजे मोजायच्या तुकड्याची दोन टोके पकडणारे डीएनएचे छोटे धागे, ८० ते १५० बेसजोड्यांचा तुकडा देणारे आणि शक्यतो दोन एक्झॉनच्या (जनुकाच्या आरएनएमध्ये टिकणाऱ्या भागांच्या) सांध्यावर बसणारे असावेत. सीडीएनएच्या दहापट विरलीकरणांच्या मालिकेतून सीटीच्या, म्हणजे यंत्राला प्रती दिसू लागतात त्या आवर्तनाच्या क्रमांकाच्या, रेषेचा उतार काढावा: उणे ३.३२ म्हणजे शंभर टक्के कार्यक्षमता, आणि ९० ते ११० टक्क्यांबाहेरचा प्रायमर बदलावा. मेल्ट कर्व्हमध्ये, म्हणजे तयार तुकडा तापवून त्याचे धागे सुटतानाच्या आलेखात, एकच शिखर हवे. संदर्भासाठी, म्हणजे ज्याच्या तुलनेत बाकीची जनुके मोजायची त्या स्थिर जनुकासाठी, एकाच जनुकावर विसंबू नये. अ‍ॅक्टिन सवयीने घेतले जाते, परंतु पेशी वेगाने लांबत असताना पेशीकंकालाचे जनुक स्थिर राहील हे गृहीत धरणे धोक्याचे आहे. इलाँगेशन फॅक्टर आणि युबिक्विटिन-संयोजी एन्झाइम यांसारखी दोन-तीन जनुके घेऊन ती जीए दिलेल्या व न दिलेल्या नमुन्यांत खरोखर स्थिर आहेत का, हे आधी तपासावे. वरील आखणीत बेचाळीस नमुने होतात. प्रत्येकी दोन कूप (प्लेटवरील खळगे) धरले तर चौऱ्याऐंशी, म्हणजे एका जनुकाचे सर्व नमुने ९६ कूपांच्या एकाच प्लेटवर मावतात आणि नियंत्रणांसाठी बारा कूप उरतात.

आकडेमोड सोपी आहे. समजा सहा तासांनी तुलनेच्या घडात जीए-२०-ऑक्सिडेजचा सीटी २६.० आणि संदर्भाचा १९.० आहे; फरक ७.० झाला. जीएच्या घडात हेच आकडे २८.१ आणि १९.१ असतील, तर फरक ९.० झाला. दोन फरकांतील अंतर २, आणि प्रत्येक सीटी म्हणजे दुप्पट-निमपट, म्हणून जीएने या जनुकाची अभिव्यक्ती एक चतुर्थांशावर आणली. सांख्यिकीय कसोटी या पटींवर न लावता सीटीच्या फरकांवर लावावी, आणि दोन्ही घड एकाच वेलीवरचे असल्याने ती जोडीची कसोटी असावी. नमुन्यांची संख्या लिहिताना सहा लिहावी, बारा नव्हे. एकाच सीडीएनएचे दोन कूप पिपेटचा नेमकेपणा सांगतात, वेलींमधला फरक सांगत नाहीत.

जीए-२०-ऑक्सिडेज घटले, जीए-२-ऑक्सिडेज वाढले, परंतु एक्स्पान्सिन हलले नाही, तर संकेत पोहोचला आहे आणि निवडलेला एक्स्पान्सिन किंवा निवडलेली वेळ चुकली असावी. तिन्ही स्थिर राहिली, तर आधी द्रावणावर संशय घ्यावा आणि मग मण्याच्या अवस्थेवर. हा निवाडा करायला एक साधा पुरावा हाताशी हवा, म्हणून त्या सहाही वेलींवर जीएचा एक व तुलनेचा एक असे दोन घड न तोडता राखून ठेवावेत, आणि दहा दिवसांनी प्रत्येक घडातील वीस मण्यांची लांबी व व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजून ते आकडे सीटीच्या तक्त्याशेजारीच, त्याच वेलीच्या क्रमांकासमोर लिहावेत.